गठ्ठे, यंत्रे आणि भाषांतर

मंडळी, मोबाईलवर इंग्रजी मजकूर डोळ्यांदेखत मराठी होतो, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. आम्हा मास्तर लोकांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो. हे यंत्र शिकले कुठल्या शाळेत?

सुरुवात झाली ती व्याकरणापासूनच. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनीने एक प्रात्यक्षिक केले. आयबीएम ७०१ या संगणकाने साठहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणली. शिदोरी किती? २५० शब्द आणि ६ नियम! तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. पण भाषा काही सहा नियमांत मावत नाही. १९६६ साली अमेरिकेत ‘आल्पॅक’ समितीचा अहवाल आला. यांत्रिक भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा महाग आणि निकृष्ट आहे, असे त्याने सांगितले आणि सरकारी पैसा आटला.

पुढे आयबीएमच्याच संशोधकांनी निराळी वाट धरली. कॅनडाच्या संसदेचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापले जाते. त्यांनी ही वाक्ये जोडीने यंत्राला दिली आणि सांगितले, व्याकरण राहू दे, तू फक्त मोज. कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या सोबतीने वारंवार येतो? १९९० च्या त्यांच्या निबंधात एक गंमत आहे. ‘हिअर’ म्हणजे ‘ऐकणे’; पण यंत्राने त्याला फ्रेंच प्रतिशब्द काढला ‘ब्राव्हो’! कारण संसदेत सभासद ‘हिअर, हिअर’ असे ओरडून दाद देत. विद्यार्थी जे वाचतो तेच शिकतो, दुसरे काय!

ही मोजणी एका संगणकाच्या आवाक्याबाहेरची. इथेच संगणकांचा ताफा, म्हणजे क्लस्टर, आला. बोर्डाचे पेपर तपासलेल्यांना ही पद्धत चटकन कळेल. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांना वाटायचे, प्रत्येकाने आपला गठ्ठा तपासायचा, मग बेरजा एकत्र करायच्या. लाखो वाक्यजोड्यांचे असेच गठ्ठे पाडून अनेक यंत्रांना देतात. सगळ्यांची मोजदाद जमा झाली की अंदाज सुधारतात आणि तेच गठ्ठे पुन्हा वाटतात. अशा अनेक फेऱ्या होतात. एक यंत्र रेंगाळले की सगळा निकाल अडकतो. त्यावर गुगलने २००४ साली मांडलेल्या ‘मॅपरिड्यूस’ पद्धतीत साधा तोडगा होता. रेंगाळलेला गठ्ठा दुसऱ्यालाही द्यायचा आणि ज्याचा आधी होईल त्याचा धरायचा. २००७ मध्ये गुगलच्या संशोधकांनी या मार्गाने २ लाख कोटी शब्दांचा मजकूर मोजून काढला. त्याच वर्षी ‘मोझेस’ ही मुक्त प्रणाली आली आणि एखाद्या विद्यापीठाला आपल्या चार-दहा यंत्रांवर हा उद्योग करणे शक्य झाले.

पण या पद्धतीत एकेक वाक्य स्वतंत्र धरण्याची किंमतही होती. प्रत्येक वाक्य सुटे झाले, त्याला मागचेपुढचे आठवेना. इंग्रजीत ‘इट वॉज ड्राय’ एवढे म्हटले की भागते. मराठीत नदी असेल तर ‘ती कोरडी होती’, ओढा असेल तर ‘तो कोरडा होता’, तळे असेल तर ‘ते कोरडे होते’. नदी राहिली मागच्या वाक्यात, आणि ते वाक्य यंत्राच्या हिशेबातच नाही! मग लिंगाचा घोळ झाला तर दोष कुणाला देणार?

गुगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३ मध्ये. २०१७ साली तिथे मराठीसाठी मज्जातंतूंच्या धर्तीवरची नवी पद्धत सुरू झाली. पूर्ण वाक्य एका दमात पाहणारी ही पद्धत होती आणि फरक लगेच जाणवला. त्याच वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना पुढे आली. तिच्या मोठ्या नमुन्याला इंग्रजी-जर्मन भाषांतर शिकवायला ८ ग्राफिक्स चिपा आणि साडेतीन दिवस पुरले.

आपल्याकडे यंत्रांची वाण होती, असेही नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने अनेक छोटे प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ उभा केला. तिथेच इंग्रजी सरकारी मजकूर हिंदीत आणणारी ‘मंत्र’ ही प्रणालीही तयार झाली. तुटवडा आहे तो जोडीच्या मजकुराचा. कॅनडाची संसद किंवा युरोपची संसद रोज आयती पाठ्यपुस्तके छापत होती. मराठीला असा धडा कोण देणार? २०२१ मध्ये ‘समानंतर’ या संग्रहाने मराठीसह ११ भारतीय भाषांसाठी इंग्रजीशी जुळणाऱ्या जवळजवळ ५ कोटी वाक्यजोड्या गोळा केल्या. काम मोठेच आहे, पण ११ भावंडांत वाटणी झाल्यावर एकेकाच्या ताटात किती पडणार?

कॅनडाच्या संसदेत रात्री जागून भाषांतर करणाऱ्या कारकुनांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. पण यंत्राचे पहिले गुरुजी तेच. आपल्या भाषेत अशी माणसे कमी पडली, तर कितीही यंत्रे एकापुढे एक मांडली तरी त्यांना वाटायला गठ्ठेच नसतील. तेव्हा ब्लॉगकर मित्रांनो, एखादा चांगला लेख आवडला तर त्याचे मराठी करून ठेवत चला. मूळ लेखकाला विचारून, अर्थात.

असो. तूर्तास इतकेच.