बाळाची टोपी आणि ऑफिसातलं गुपित

मागे टिकटिक आवाज येतोय ना, तो कीबोर्डचा नाही. विणायच्या सुया आहेत. रेकॉर्डिंग चालू असतानाही हात थांबवता येत नाहीयेत, कारण डेडलाइन डोक्यावर आहे. कोडची नाही, टोपीची.

झालं असं, की माझ्या टीममधली एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे. तिने टीमला सांगितलं ते थेट सातव्या महिन्यात! तोवर मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, घरून काम, "पाठ दुखतेय" वगैरे. मी म्हटलं, "आधी सांगितलं असतंस तर अख्खा सेट विणला असता." ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर वरपर्यंत पोचलं असतं. मध्ये अप्रेझल होतं ना."

तेव्हा मला खोताच्या वाडीतल्या आंटी आठवल्या.

आमची चाळ गिरगावातच. दहावीच्या सुट्टीत मी विणायला शिकलो ते वाडीत, आंटींच्या लाकडी कठड्याच्या व्हरांड्यात बसून. आंटी ईस्ट इंडियन, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. "धागा सैल सोड रे, गळा आवळतोस काय त्याचा?" हे त्यांचं पेटंट वाक्य. ऑफिसात कोणाला बाळ झालं, की आंटींची टोपी आणि मोजे ठरलेले.

वाडीबद्दल थोडं सांगतो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून हे नाव पडलं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी इथली जमीन तुकड्यातुकड्याने ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली गेली. एके काळी 65 घरं होती, आता तिशीच्या आत आली आहेत. आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव? ही माणसं इथलीच, मराठी बोलणारी. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी हे नाव घेतलं. गोव्याहून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारदरबारी आणि नोकऱ्यांच्या बाजारात कळावं म्हणून. म्हणजे समाजाच्या नावातच नोकरीची चिंता!

आता विणकाम. आपल्याकडे बाळासाठी हाताने काही करायची पद्धत जुनीच आहे. बाळंतविडा म्हणतात ना, तोच. अंगडी, टोपडी, कुंची, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. पण हे सगळं शिवलेलं. सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे रुजलं ते इंग्रजी अमलात, मिशनच्या आणि कॉन्व्हेंटच्या शाळांमधून. मार्गारेट विल्सनबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या त्या 1830च्या आसपास, आणि अशा शाळांत वाचनाबरोबर सुईदोराही असायचा. गंमत बघा, मराठीने वेगळा शब्दच शोधला नाही. कापड विणतात, बाज विणतात, स्वेटरही विणतात.

"मुंबईच्या उकाड्यात लोकर कशाला?" असं आईने मला शंभरदा विचारलंय. पण सुयांवर विणलेल्या सगळ्यात जुन्या वस्तूंमध्ये इजिप्तचे सुती मोजे आहेत, तेही काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. आणि नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यातून उष्णता पटकन जाते. म्हणून सुरुवातीला टोपी डॉक्टरही घालायला सांगतात. मी सुती धागा वापरतो, विषय संपला.

खरी गोष्ट पुढे आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बाळासाठी विणायचं, तर दोन गोष्टी लागतात. तिने वेळेत सांगायला हवं आणि बाळानंतर ती कामावर परत यायला हवी. या दोन्ही गोष्टी आपल्या शहरात सहज मिळालेल्या नाहीत.

गिरगावातून गिरणगावात चला. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. बाळंतपण म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार नाही. 28 जुलै 1928ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा होता, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पुढच्याच वर्षी, 1929 साली, कायदा झाला. पण पैसे द्यायचे होते मालकाने. नंतरच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घसरत गेलं. एकट्या या कायद्यामुळे नव्हे. रात्रपाळीची बंदी होती, कामगारकपात होती. पण बाई कामाला ठेवणं 'महाग' पडतं, हा हिशेब मालकांच्या वहीत तेव्हाच चढला.

पांढरपेशा नोकऱ्यांत तरी बरं होतं का? एअर इंडियाच्या एअर होस्टेसला पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी सोडावी लागे. नियमच होता तसा! नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला 1981 साली. तोवर अशा बाईने पोटातल्या बाळाची बातमी कोणाला सांगायची होती?

आंटी म्हणायच्या, बातमी ऑफिसात कधीच फुटत नसे, ती ट्रेनमध्ये फुटे. चर्नी रोडला लेडीज डब्यातून उतरायच्या आत कोणीतरी हळूच कानात सांगायचं. बायका डब्यात मटार सोलत, भाजी निवडत, विणत. मान खाली, हात चालू, त्यामुळे समोरची मोकळी बोलायची. साहेबाला कळायच्या दोन-दोन महिने आधी आंटींच्या सुयांवर टाके पडलेले असत. पण टोपी पिशवीतून बाहेर निघायची ती बाळ जन्मल्यावरच. बाळाला आधी नवं काही आणायचं नाही, हा आपल्याकडचा दंडक त्या चर्चला जाणाऱ्या बाईनेही कटाक्षाने पाळला. काही टोप्या मात्र द्यायच्या राहिल्या, कारण ती मुलगी रजेवर गेली ती गेलीच.

2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. फार चांगलं झालं, पण रजेतला पगार अजूनही कंपनीनेच द्यायचा. आंबेडकरांचा मुद्दा 1928मध्ये होता तिथेच बसलाय, आणि माझी सहकारी कॅमेरा बंद करून. बरं, तिच्याकडे ट्रेनचा डबाही नाही, ती घरून काम करते. आमच्या ऑफिसात बाळ झालं की चॅटवर लिंक येते, सगळे दोनशे-दोनशे रुपये टाकतात, गिफ्ट व्हाउचर जातं. वाईट काहीच नाही त्यात. फक्त त्यासाठी आधी काही माहीत असावं लागत नाही.

आंटी आता नाहीत. त्यांच्या 10 नंबरच्या सुया माझ्याकडे आहेत, त्यातली एक किंचित वाकलेली. टोपी पिवळी आहे. 80 टाके घातले होते, कमी करत करत 16वर आलोय. झाली की कपाटात जाईल, बाळ येईपर्यंत. आणि हा एपिसोड तिने ऐकला तर गुपित फुटलंच म्हणा. भेटू पुढच्या भागात.