घरातील दिवा : उपयुक्ततेपासून शोभेपर्यंत
(अंबरनाथ-पालेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना

हिंदू कुटुंबात जन्मापासून मृत्यूपर्यंतचा क्वचितच एखादा संस्कार दिव्यावाचून पार पडतो. दीपाचे हे महत्त्व सांगणारे बहुतेक लेखन मात्र अंधारावरील प्रकाशाच्या विजयापाशी येऊन थांबते. त्यामुळे दिवा ही रोजच्या वापरातील वस्तू होती, तिला तेल आणि वात लागत असे, ती रोज काजळत असे आणि रोज कोणीतरी ती घासत असे, ही साधी बाब दुर्लक्षित राहते. 'शोभेचा दिवा' हा प्रकार मुळात अलीकडचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. उजेड, पूजा आणि अलंकरण ही तिन्ही कार्ये पूर्वी एकाच वस्तूत नांदत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रॉकेलने आणि पुढे विजेने त्यांची फारकत केली.

या दृष्टीने अंबरनाथ-पालेगाव परिसर अभ्यासण्याजोगा आहे. अकराव्या शतकातील शिवालय, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काडेपेटीचा कारखाना आणि विजेचे निर्मितीकेंद्र, तसेच आजची उंच गृहसंकुले या साऱ्या खुणा येथे थोड्या अंतरात एकत्र आढळतात.

नावांत दडलेला इतिहास

घरातील दिव्यांची नावे तपासली असता त्यांचा इतिहास एकाच मुळाशी जात नाही, हे लक्षात येते. 'निरांजन' हा शब्द संस्कृत 'नीराजन' यावरून आला. नीराजन हा मूळचा राजविधी होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना आश्विन महिन्यातील घोड्यांच्या नीराजनाचा उल्लेख येतो, तर सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत या विधीसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. सैन्य, घोडे, हत्ती आणि शस्त्रे यांची शुद्धी व रक्षण हा त्याचा हेतू होता. युद्धाला निघालेल्या घोड्यांभोवती फिरणारी ती ज्योत पुढे देवापुढच्या लहानशा पितळी वाटीत आली आणि भाऊबीजेला भावाच्या चेहऱ्याभोवती फिरू लागली. औक्षणातील रक्षणाची भावना त्या जुन्या राजविधीशी नाते सांगते.

'समई'ची कथा याहून निराळी आहे. देवघराशी अत्यंत निकट असलेल्या या वस्तूच्या नावाचा संबंध अरबी-फारसी 'शमा' या शब्दाशी जोडला जातो. 'कंदील' तर उघडच अरबी वळणाचा शब्द आहे, आणि दिवाळीतल्या आकाशकंदिलात तो निःसंकोचपणे नांदतो. वस्तू जुनी आणि नाव नवे, किंवा नाव जुने आणि वस्तू नवी, असे भाषेत घडतच असते. तरीही गृहदीपाच्या परंपरेला 'शुद्ध' आणि 'अखंड' अशी विशेषणे लावणाऱ्यांनी या शब्दांकडे एकदा लक्ष द्यावयास हवे.

लामणदिवा म्हणजे साखळीने टांगलेला, लोंबता दिवा. त्याच्या साखळीवरील मोर, हंस, हत्ती आज आपण केवळ नक्षी म्हणून पाहतो. परंतु जुन्या दिव्यांतील अलंकरण पुष्कळदा कामाचे असे. काही दिव्यांतील पक्ष्याचे पोट हे तेलाचे साठवण असून त्यातून खालच्या वाटीत तेल हळूहळू उतरत असे. साखळीमुळे उजेड हव्या त्या उंचीवर येई आणि तेलावर टपलेल्या उंदरांपासून दिवा दूर राही. समईच्या बैठकीची उभी कड ओघळणारे तेल अडवी. तिच्या वाटीला काढलेल्या चोचींमुळे वाती एकमेकींपासून वेगळ्या जळत. मेणाचा नमुना करून धातू ओतण्याच्या पद्धतीचे वर्णन बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मूर्तींच्या संदर्भात आले आहे. त्याचा कर्ता तिसरा सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा होय. (ही कल्याणी बीदरजवळची, ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत होऊ नये.) ओतीव पितळी दिवे घडविणाऱ्या कारागिरांनी हेच तंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालविले. सामान्यांच्या घरी मात्र भिंतीतल्या दिवळीत कुंभाराकडची मातीची पणतीच असे.

आगीची राखण

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० या वर्षाचा उल्लेख असून तो शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातील आहे. या मंदिराचे गर्भगृह मंडपापेक्षा बरेच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. अशा खोल गाभाऱ्यात दिव्याचे स्थान काय असेल, हे निराळे सांगावयास नको. मराठेकालीन कागदपत्रांतही पूजा व नैवेद्याच्या जोडीने दिवाबत्ती आणि नंदादीप यांच्या खर्चासाठी दिलेली इनामे आढळतात. तेल ही खर्चाची बाब होती आणि त्यासाठी जमिनीचे उत्पन्न तोडून द्यावे लागे, असा त्याचा अर्थ.

नंदादीप अखंड तेवत ठेवण्यामागे श्रद्धेबरोबरच एक व्यावहारिक वास्तवही होते. काडेपेटी येण्यापूर्वी अग्नी निर्माण करणे हे कष्टाचे काम होते. चकमक झाडून कापूस पेटविण्यापेक्षा चुलीतला निखारा राखेखाली जपणे किंवा शेजारून विस्तव मागून आणणे सोयीचे पडे. दिवा विझणे ही त्यामुळे खरोखरीची अडचण होती. 'दिवा विझला' असे न म्हणता 'दिवा शांत झाला' म्हणणे, ज्योतीवर फुंकर न घालणे या संकेतांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वीडिश काडेपेटी उद्योगाशी संबंधित वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजेच 'विमको'ने, अंबरनाथ येथे कारखाना उभारला. अग्नीची राखण अनावश्यक करणारी वस्तू अशा रीतीने शिवालयाच्या गावातच तयार होऊ लागली. स्थानिक इतिहासात या कारखान्याची नोंद रोजगाराच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. घरातील स्त्रीच्या पहाटेत त्याने काय बदल केला, याची नोंद मात्र सहसा होत नाही.

दिव्यांची अवस

आषाढ अमावास्येला घरातील सर्व दिवे बाहेर काढून, चिंच-राखेने घासून, पाटावर मांडून त्यांची पूजा केली जाते. एरवी दिवा दुसऱ्या कोणाच्या तरी पूजेचे साधन असतो. या दिवशी तोच पूज्य ठरतो. दिवाळीविषयी विपुल लिहिले गेले असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही. परंतु गृहदीपाचा अर्थ समजून घेण्यासाठी दिवाळीहून ही अवस अधिक उपयोगी आहे.

या दिवशी सांगितली जाणारी कहाणी मुळातून पाहण्यासारखी आहे. राजाची सून स्वतः पदार्थ खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात. तिच्या चारित्र्यावर संशय येऊन तिला घराबाहेर काढले जाते. ही सून घरातले दिवे रोज घासत असे, त्यांची वातवेळ सांभाळत असे; ती गेल्यावर ते काम बंद पडते. पुढे अवसेच्या रात्री गावोगावचे दिवे एका झाडावर जमतात आणि आपापल्या घरची हकिगत एकमेकांना सांगतात. राजाच्या घरचा दिवा आपली हेळसांड सांगताना खरा प्रकारही सांगतो. झाडाखाली मुक्कामाला असलेला राजा ते ऐकतो आणि सुनेला सन्मानाने परत आणतो.

कहाणीतील सून निर्दोष नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिने खोटे सांगितलेले आहे. तरीही न केलेल्या अपराधाची शिक्षा तिला भोगावी लागते, आणि तिच्या बाजूने बोलायला घरातले एकही माणूस उभे राहत नाही. उभा राहतो तो दिवा. कारण रात्री घरात काय घडले ते त्याने पाहिलेले असते आणि त्याला रोज हाताळणारे हात त्याच्या ओळखीचे असतात. येथे दिवा ज्ञानाचे प्रतीक म्हणून येत नाही, तर साक्षीदार म्हणून येतो. स्त्रियांनी स्त्रियांना सांगितलेल्या या कथेत घरकामाच्या श्रमाचे मोल ज्या स्पष्टतेने नोंदले गेले आहे, ते धर्मशास्त्रीय ग्रंथांतील दीपमाहात्म्यात शोधून सापडणे कठीण आहे.

रॉकेल, वीज आणि फारकत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि पाहता पाहता कोकणातील उंडेल, करंजेल, देशावरचे करडईचे तेल यांची जागा त्याने घेतली. चिमणी आणि कंदील यांचा उजेड अधिक होता. परंतु रॉकेलला वास येई आणि त्याची काजळी धरे, म्हणून ते देवापुढे चालले नाही. येथे प्रथमच घरात दोन प्रकारचे दिवे झाले : पाहण्यासाठी लावायचा आणि देवासाठी लावायचा.

विजेने ही फारकत पूर्ण केली. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२९ मध्ये कल्याणजवळ चोळे (ठाकुर्ली) येथे जी.आय.पी. रेल्वेचे वीजकेंद्र सुरू झाले. ही वीज रेल्वेसाठी होती. आसपासच्या खेड्यांतील घरांना तिचा उपयोग नव्हता. रुळावरून विजेची गाडी धावत असताना रुळालगतच्या गावात चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या जात होत्या, हे औद्योगिक प्रगतीचे वर्णन करताना विसरता कामा नये. खेडोपाडी वीज पोहोचण्याच्या कामाला खरा वेग आला तो महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, राज्य वीज मंडळाच्या काळात.

त्याच सुमारास घरातील पितळही हलले. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि जुने हंडे, समया, लामणदिवे मोडीत निघू लागले. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी आपला संग्रह याच संक्रमणकाळात वाढविला. लहानपणीच निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात दिव्यांचे दालन विशेष समृद्ध आहे. भारतातील दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले आणि १९६२ मध्ये त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपविला. इतरांनी मोडीत काढलेल्या वस्तूंना केळकरांनी कलावस्तूंची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु काचेमागे गेलेला दिवा तेलाविना, काजळीविना, घासून स्वच्छ झालेला असतो. घासणाऱ्या हातांची खूण तेथे उरत नाही, आणि त्याला संग्राहकाचा इलाज नाही.

पालेगावची नवी घरे

अंबरनाथ पूर्वेकडील पालेगावात गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली. सदनिकेच्या भिंतीत दिवळी नसते. लामणदिवा टांगावा असे आढे नसते. तुळस अंगणातून सज्जातल्या कुंडीत येते. समई दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फुलांसह मांडली जाते आणि पुष्कळदा ती कोरडीच असते. देवघरात विजेची लुकलुकणारी ज्योत असते. याला ऱ्हास म्हणणे घाईचे ठरेल. रोज संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून परतणाऱ्या स्त्रीला समई घासण्यातून सुटका मिळाली असेल, तर त्याची तक्रार इतरांनी करू नये.

एक दिवा मात्र या बदलाबाहेर राहिला आहे. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे वात करून लावायचा कणकेचा दिवा, विवाहात वरपक्षाच्या मस्तकांवर धरल्या जाणाऱ्या झालीतील दिवे, आणि घरात मृत्यू घडल्यावर त्या जागी लावला जाणारा दिवा हे सारे आजही त्या त्या प्रसंगापुरतेच असतात. शेजारच्या उल्हासनगरात, फाळणीनंतर कल्याण कॅम्पमध्ये येऊन वसलेल्या आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला हे नाव मिळालेले पाहणाऱ्या सिंधी कुटुंबांतही झुलेलालाच्या बहराण्यात कणकेचाच दिवा असतो. सिंधमधील घरे, त्यांतील पितळ, लाकडी देव्हारे मागे राहिले. हा दिवा सोबत आणावा लागला नाही. छावणीत वाटप झालेल्या पिठातूनही तो मळता येत होता. पूजेनंतर बहराणा पाण्यात सोडला जातो आणि पुढच्या खेपेस कोणीतरी पुन्हा परातीत पीठ घेते.