ब्याण्णवाची ओळख

मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडण्याची पद्धत मेंडेलेएफपासून रूढ झाली. परंतु तीत एक वैगुण्य होते. कोबाल्टचा अणुभार निकेलहून किंचित अधिक, तरी गुणधर्म पाहता कोबाल्टलाच आधी बसवावे लागे. रसायनवेत्ते तसे बसवीत; कारण मात्र त्यांच्यापाशी नव्हते. कचेरीत ज्याचे आयुष्य चालले आहे त्यास यातली अडचण निराळी सांगावयास नको. क्रमांक कशावरून दिला हेच सांगता येत नसेल, तर ती नोंदवही काय कामाची?

हा क्रमांक अणूच्या अंतरंगातूनच उमटतो, हे हेन्री मोझ्ली या इंग्रज तरुणाने १९१३ साली मँचेस्टर येथे दाखविले. प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःचे असे क्ष-किरण असतात, हे बार्क्लाने त्यापूर्वीच सिद्ध केले होते. मोझ्लीने त्यांची तरंगलांबी मोजली. निर्वात नळीत एका चिमुकल्या गाडीवर निरनिराळे धातू ठेवावयाचे आणि रेशमी दोऱ्याने गाडी ओढून एकेक धातू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणावयाचा, ही त्याची युक्ती मला तर त्याच्या नियमाइतकीच मोहक वाटते. किरणांच्या कंपनसंख्येचे वर्गमूळ दर मूलद्रव्यागणिक सारख्या पावलांनी वाढत गेले. कोबाल्ट २७, निकेल २८, वाद मिटला. ४३, ६१ व ७५ या जागा रिकाम्या आहेत, हेही त्याने १९१४ मध्ये सांगून टाकले. पुढे त्या भरल्या. त्या काळी ज्ञात असलेल्या मालिकेच्या टोकाशी युरेनियम, ९२.

१० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझ्ली गोळी लागून पडला. वय अवघे २७. तो स्वेच्छेने सैन्यात गेला होता हे खरे. परंतु अशा बुद्धीचा हा दुरुपयोग होय, हा रदरफर्डचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो.

१९२३ साली कोपनहेगन येथे कोस्टर व हेवेशी यांनी याच मार्गाने झिर्कोनियमच्या खनिजात दडलेले ७२ क्रमांकाचे हॅफ्नियम शोधून काढले. या शोधाचे अणुयुगात विलक्षण महत्त्व ठरले. इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या करतात त्या तो न्यूट्रॉनांना वाट देतो म्हणून. हॅफ्नियम मात्र त्यांना गिळून टाकतो.

मोझ्ली इलेक्ट्रॉनांचा मारा करी. १९२८ साली ग्लॉकर व श्रायबर यांनी त्याऐवजी क्ष-किरणच वापरून मूलद्रव्याचे प्रमाण मोजले. किरण पडले की पदार्थ आपल्या खुणेचे किरण परत देतो. यालाच अनुस्फुरण म्हणतात. युरेनियमच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. त्याचे एक द्वार १७.१७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला उघडते आणि मॉलिब्डेनमचा प्रमुख किरण १७.४८ चा असतो. म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला जातो, आणि युरेनियम १३.६१ चा किरण देऊन आपले नाव सांगते.

अडचण येते ती अंश अत्यल्प असता. पदार्थाने विखुरलेल्या किरणांच्या गदारोळात हा क्षीण स्वर बुडून जातो. १९७१ साली जपानमध्ये योनेदा व होरिउची यांनी यावर तोड काढली. घासून आरशासारख्या केलेल्या पृष्ठावर द्रावणाचा थेंब वाळवावयाचा आणि किरण इतके तिरपे सोडावयाचे की ते पृष्ठात न शिरता संपूर्ण परावर्तित व्हावेत. गदारोळ ओसरतो आणि थेंबातला नॅनोग्रॅमही बोलू लागतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आण्विक द्रव्यांच्या परीक्षेसाठी ही रीत अवलंबिली गेली आहे. तरीही शेजाऱ्यांचा उपद्रव उरतोच. थोरियमची रेषा १२.९७ वर, रुबिडियमची १३.३९ वर; आणि या दोहोंच्या गर्दीतून ९२ ची रेषा प्रत्येक खेपेस निवडून घ्यावी लागते.