गर्भिणीचे झटके : संज्ञा, औषध आणि मितानिन

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रोगाचे नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना काय घडते, हा प्रश्न त्यात सहसा उपेक्षित राहतो. गर्भारपणात रक्तदाब वाढून पुढे झटके येण्याचा विकार आणि त्यावरील मॅग्नेशियम सल्फेटचा उपचार यांच्या आधारे, रायपूर नजरेसमोर ठेवून, प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे.

‘एक्लाम्प्सिया’ ही संज्ञा ग्रीक असून तिचा मूळ अर्थ ‘एकाएकी लखलखणे’ असा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अपतानक’ या वातव्याधीचे वर्णन येते. गर्भपातामुळे उद्भवलेला अपतानक तेथे असाध्य मानला आहे. हे दोन विकार एकच होत, असे म्हणता येणार नाही. ग्रीक शब्द आकस्मिकतेवर बोट ठेवतो, तर संस्कृत शब्द शरीराच्या ताणावर. आधुनिक हिंदी परिभाषेने ‘गर्भाक्षेपक’ हा शब्द घडविला. बोलीत मात्र ‘झटके’, ‘आकडी’, ‘फेफरे’ हेच शब्द राहिले आणि खरा धोका येथेच आहे. फेफरे थोड्या वेळाने ओसरते, म्हणून घरचे वाट पाहतात; गर्भिणीच्या झटक्यात ही वाट पाहणेच प्राणघातक ठरू शकते.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर इंग्रजीत प्रबंध सादर केला. देशी ज्ञान परक्या भाषेत नेण्याचा तो प्रयत्न होता. मात्र त्या काळी पाश्चात्त्य वैद्यकाजवळही या विकारावर रक्तमोक्षण, क्लोरोफॉर्म आणि गुंगीची औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते.

मॅग्नेशियम सल्फेट हे मुळात इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यातले कडू मीठ. रेचक म्हणून ते परिचित होते. १९०६ मध्ये जर्मनीत हॉर्न यांनी झटक्यांवर ते कण्यातून दिले. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या लॅझर्ड यांनी ते शिरेतून दिल्याचे नोंदविले. १९५५ मध्ये डॅलसच्या प्रिचर्ड यांनी शीर आणि स्नायू या दोन्ही मार्गांची पद्धत मांडली. तरीही अन्यत्र इतर औषधे चालत राहिली. १९६१ मध्ये मद्रासच्या कृष्ण मेनन यांनी प्रसिद्ध केलेले मिश्रण भारतात दीर्घकाळ वापरात होते. १९९५ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत भारतीय केंद्रेही होती. तीत १६८७ स्त्रियांच्या अनुभवावरून मॅग्नेशियम सल्फेटने झटके पुन्हा येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी व फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी आढळले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ चाचणीने झटके टाळण्यासाठीही ते उपयुक्त असल्याचे दाखविले. मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो. म्हणून गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन आणि लघवी यांवर लक्ष ठेवावे लागते. भारतीय स्त्रियांची शरीरयष्टी ध्यानात घेऊन सोलापूरच्या सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अल्प मात्रेची पद्धत मांडली. हेही एक प्रकारचे भाषांतरच होय.

रायपूर भोसल्यांच्या नागपूर राज्यात होते. १८५४ नंतर ते ब्रिटिश अंमलाखाली गेले. येथील वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. छत्तीसगड राज्य २००० मध्ये झाले आणि २००२ मध्ये तेथे ‘मितानिन’ योजना सुरू झाली. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला मित्र. महाप्रसाद, भोजली, गंगाजल अशा नावांनी जोडलेली ही मैत्री जातीच्या सीमाही ओलांडते. शासनाने आरोग्यसेविकेसाठी हे नाते उसने घेतले. पुढे देशभर आलेले ‘आशा’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांतून घडलेले, तर ‘मितानिन’ लोकव्यवहारातून आलेले. हा फरक तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

मितानिन हे इंजेक्शन देत नाही. पहिली मात्रा म्हणून दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम देऊन रुग्णास पुढे पाठविण्याची मुभा २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शिकेने एएनएमला दिली. परंतु चेहऱ्यावरची सूज, न थांबणारे डोके दुखणे, डोळ्यांपुढची अंधारी यांना ‘गर्भारपणातले नेहमीचेच’ न म्हणता धोक्याची खूण म्हणणे, हे काम घराच्या उंबऱ्यावर मितानिनचे. औषध सिद्ध व्हायला लॅझर्डपासून सत्तर वर्षे लागली. उंबऱ्यावर योग्य शब्द वेळेवर उच्चारला गेला नाही, तर त्या स्त्रीपुरती ती सत्तर वर्षे संपलेलीच नसतात.