दस्तक

परदेशाचं नाव काढलं की आमच्या जळगावात माणूस आधी एजंट गाठतो. नातवासाठी कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ काढायचा ठरला, तेव्हा ही म्हणाली, “अहो, भरीत करायला कुणी एजंट लावतं का?” झालं! फॉर्म माझ्या पुढ्यात.

तसा हा कागद जुनाच. पेशवाईत परमुलखात जायला दस्तक लागे. असले मोडी कागद इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवले, तेही दलालाशिवाय! १९२६ साली ते धुळ्यात वारले; त्यांच्या नावाचं मंडळ तिथं कागद सांभाळतं. पुढं इंग्रजांनी १९२० साली पासपोर्टाचा कायदा केला. तरी पासपोर्ट देणं-न देणं सरकारची मर्जी. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाणं हा हक्क ठरवला, तेव्हा कुठं नवा कायदा आला.

हक्क खरा, पण आपल्या दारातून बाहेर पडण्याचा. दुसऱ्याच्या दारात निमंत्रणपत्र, मुलाच्या पगाराचे दाखले, वैद्यकीय तपासणी, लाख डॉलरचा विमा! एका खेपेला पाच वर्षं राहू देतात, मात्र परत जाऊ हे पटवावं लागतं. मी घराचा उतारा जोडला. ही म्हणते, “लोणच्याच्या बरणीचा फोटोही लावा.”