अनंत शेट : मये मतदारसंघातील निवडणूक वाटचाल

भारतीय जनता पक्षाचे नेते अनंत शेट (निधन २०२०) हे डिचोली तालुक्यातील मये मतदारसंघातून दोन वेळा गोवा विधानसभेवर निवडून आले. पुढे ते सभापतिपदापर्यंत पोचले.

निवडणुका व पदे
२००७ साली शेट प्रथम आमदार झाले. दिगंबर कामत यांचे काँग्रेस आघाडीचे सरकार असल्याने तो कार्यकाळ विरोधी बाकांवर गेला. ३ मार्च २०१२ च्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. भाजपने ४० पैकी २१ जागा जिंकल्या, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि शेट उपसभापती. २०१५ मध्ये सभापती असलेले पेडण्याचे आमदार राजेंद्र आर्लेकर मंत्री झाले. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये शेट सभापती झाले. त्यांच्यामागून सभापती झालेले प्रमोद सावंत (साखळी) व राजेश पाटणेकर (डिचोली) हेही याच तालुक्यातले.

जमिनीचा प्रश्न
मये गावची बरीचशी जमीन पोर्तुगीज काळापासून एका सरदार घराण्याच्या नावावर होती. १९६१ च्या मुक्तीनंतर मालक पोर्तुगालात राहिले आणि १९६४ च्या कायद्याने ही मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या व कसणाऱ्या लोकांच्या हाती मात्र मालकीचा कागद नव्हता. शेट उपसभापती असताना, २०१४ साली, अशा जुन्या मालकीहक्कांचे उच्चाटन करणारा कायदा विधानसभेने संमत केला. तरी कायदा होणे वेगळे आणि घरोघरी सनद पोचणे वेगळे. म्हणूनच मयेत मते मागायला येणाऱ्याला सनदेचा प्रश्न चुकत नाही.

२०१७ आणि त्यानंतर
सभापतीला सभागृहात पक्षाची बाजू मांडता येत नाही, आणि ते पद पुढच्या उमेदवारीची हमीही देत नाही. २०१७ साली पक्षाने शेट यांच्याऐवजी प्रवीण झांट्ये यांना उमेदवारी दिली व ते निवडून आले. शेट पुन्हा विधानसभेत गेले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये झांट्ये यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षात प्रवेश केला. १४ फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत भाजपने अनंत शेट यांचे बंधू प्रेमेंद्र शेट यांना उभे केले. ते विजयी झाले, झांट्ये पराभूत झाले. २००७ ते २०२२ या चार निवडणुकांत मयेत उमेदवार दोनदा बदलला, पण जागा भाजपकडेच राहिली.