शिवार फेरी : कोण कुणाच्या शेतात?

पावसाळा सरत आला की अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होते. ट्रॉल्यांत दाटीवाटीने बसलेले शेतकरी, हातात माईक घेऊन सांगत सुटलेला एखादा प्राध्यापक आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाणांच्या नावांच्या पाट्या. कपाशी, तूर, सोयाबीन, मग संत्र्याची बाग, पुढे अवजारे. जिल्ह्यांना दिवस वाटून दिलेले असतात. 20 ऑक्टोबर हा विद्यापीठाचा स्थापना दिवस, त्याच्या निमित्ताने ही शिवार फेरी भरते.

फेरीला आलेला माणूस पाटी वाचून पुढे सरकत नाही. तो खाली उतरतो, कपाशीचे झाड हलवून बघतो, बोंडे मोजतो, सोयाबीनची शेंग फोडून दाणे तीन की चार ते पाहतो. मग प्रश्न. एकरी किती झाले, हे सगळेच विचारतात. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो : पाणी किती दिले, फवारण्या किती, निंदणाला बाया कुठून आणल्या, आणि इथे रोही, म्हणजे नीलगाई, येत नाहीत का? विद्यापीठाच्या शेताला कुंपण असते, राखण असते, विहिरीला पाणी असते. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातून आलेला माणूस हे सगळे मनात वजा करत करतच फिरतो.

शेतकऱ्याने सरकारच्या शेतात जाऊन बघायचे, की जाणकाराने शेतकऱ्याच्या शेतात यायचे? वऱ्हाडात हा वाद दीडशे वर्षे जुना आहे, आणि शिवार फेरी त्यातूनच जन्मली आहे.

1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरची नजर अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीवर पडली. रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक खटपट्या साहेब मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर झाला. 1870 मध्ये व्हाइसरॉय मेयो खामगावला आला, कापूस वाहणारा रेल्वेचा फाटा त्याच्या हस्ते सुरू झाला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे शेतीखाते निघाले. या साऱ्या खटाटोपाचे सूत्र एकच होते : लांब धाग्याचा कापूस पिकवा. इजिप्तचे बी आणले, अमेरिकेचे आणले, हिंगणघाटचे नावाजलेले बी वऱ्हाडात वाटले. प्रदर्शने भरवून चांगला कापूस टेबलावर मांडला. शेतकऱ्याने यावे, बघावे आणि घरी जाऊन तसेच करावे, अशी अपेक्षा.

शेतकऱ्याने बघितले आणि स्वतःला परवडेल तेच केले. जुनी बनी कपाशी धाग्याला रेशमी होती, पण उतारा कमी देत होती. तिच्या जागी जाड, आखूड धाग्याची ‘जरी’ कपाशी पसरली, कारण ती झाडाला जास्त लागे आणि जिनिंगमध्ये रुई जास्त देई. साहेब लोक वर्षानुवर्षे हळहळत राहिले. यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणाऱ्या अहवालांची कमी नाही. पण हिशेब त्याचाच बरोबर होता. धाग्याच्या लांबीचा जादा भाव मधल्या मधे जात असेल तर लांबी घेऊन करायचे काय?

शेतीखात्याला हे उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, 1906 मध्ये नागपूरला शेतकी कॉलेज निघाले, अकोल्याला सरकारी शेत झाले. खात्यातल्या डेव्हिड क्लाउस्टन या अधिकाऱ्याने शहाणपणा केला. मँचेस्टरला काय हवे ते बाजूला ठेवून त्याने शेतकऱ्याच्याच कपाशीच्या गर्दीतून पांढऱ्या फुलाची, भरपूर रुई देणारी रोझियम निवडली आणि तिचे बी वाढवले. धागा आखूडच. पण ती झपाट्याने पसरली, कारण ती मुळात गावाच्याच शेतातून आली होती. पुढे अकोल्याच्या शेतावर धागा आणि उतारा दोन्ही सांभाळणाऱ्या वाणांचे काम चालले. विद्यापीठ निघाले ते या जुन्या शेताच्या खांद्यावर.

आता जरा वऱ्हाडाबाहेर, तेही कपाशीच्याच निमित्ताने. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने प्रत्येक राज्याला जमीन देऊन शेतीची कॉलेजे काढली होती. कॉलेजात ज्ञान भरपूर, शेतकरी मात्र तिकडे फिरकत नव्हता. टेक्सासच्या कापसावर बोंड पोखरणारा भुंगा आला तेव्हा सीमन नॅप या वृद्ध गृहस्थाने 1903 मध्ये टेरेल गावच्या एका शेतकऱ्याला त्याच्याच शेतात, त्याच्याच हाताने नव्या रीतीने कपाशी करायला लावली. नुकसान झाले तर भरून देण्याची हमी गावच्या लोकांनी घेतली होती. नुकसान झाले नाही. या प्रयोगाची पुढे देशभर रीत पडली, 1914 मध्ये तिचा कायदा झाला, आणि विद्यापीठाने शिकवायचे, शोधायचे आणि गावात जाऊन सांगायचे अशी तिहेरी जबाबदारी ठरून गेली. 1960 मध्ये पंतनगरला भारतातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले ते याच साच्यावर. नॅपची हमी तेवढी साच्यातून गळली. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांत बियाणे फुकट मिळते, कधी खतही मिळते, पण पीक गेले तर भरपाई कोण देणार याचे उत्तर कुणाच्याच कागदावर नसते.

वऱ्हाडची वाट मात्र नुसती अमेरिकेवरून आलेली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरो-ऑक्सफर्डहून वेदवाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट आणि सोबत बॅरिस्टरी घेऊन परतले आणि अमरावतीत वसतिगृह काढून बसले. श्रद्धानंद छात्रालय हे त्यांचे पहिले मोठे काम. मग शिवाजी शिक्षण संस्था, गावोगावच्या शाळा, कॉलेजे. कुणब्याचे पोर शहरात शिकायला टिकायचे तर आधी त्याच्या जेवणा-राहण्याची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. वऱ्हाडातल्या विद्यार्थी जीवनाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याने वर्गखोलीच्या आधी खाणावळीत शिरावे.

1952 ते 1962 पंजाबराव केंद्रात शेतीमंत्री होते. जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम त्यांचीच, भारत कृषक समाजही त्यांचाच. आणि त्यांचा सर्वांत मोठा खेळ म्हणजे दिल्लीचे जागतिक कृषी प्रदर्शन. 11 डिसेंबर 1959 ला ते उघडले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. रशिया-अमेरिका शीतयुद्धातले मांडव शेजारी शेजारी, आणि त्यांतून फिरणारे धोतर-टोपीतले शेतकरी. साहेबाच्या प्रदर्शनात आणि पंजाबरावांच्या प्रदर्शनात तंत्र तेच होते, आणा आणि दाखवा. फरक पाहुण्याच्या मानात होता. इथे शेतकऱ्याला दिल्लीचे आमंत्रण होते. डिसेंबरअखेर पंजाबरावांच्या जयंतीला अकोल्यात ॲग्रोटेक प्रदर्शन भरते, ते थेट या मेळ्याचे नातवंड. शिवार फेरीत मात्र मेळ्याचे रक्त अर्धेच आहे.

10 एप्रिल 1965 ला पंजाबराव गेले. दोनच वर्षांत महाराष्ट्रात कृषी विद्यापीठाचा कायदा झाला आणि विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रात जाणार म्हणून विदर्भ खवळला. 1967 मध्ये अकोल्यात आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे बळी पडली. राहुरीला विद्यापीठ 1968 मध्ये निघाले आणि 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ. आजही शेतकरी त्याला ‘पीकेव्ही’च म्हणतो, मधे देशमुखांचा ‘डी’ शिरून बरीच वर्षे झाली तरी. ज्या संस्थेसाठी लोकांनी गोळ्या झेलल्या तिच्या शेतात लोक हक्काने शिरणारच. फेरीतल्या त्या आगाऊ प्रश्नांचे मूळ मला इथे दिसते.

त्याच 1969 च्या 24 सप्टेंबरला, गांधीशताब्दीच्या निमित्ताने, देशातल्या 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली होती. पोरांनी गावात जायचे, ही कल्पना तेव्हा हवेतच होती. 1 मे 1983 ला नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ निघाले. पुढे त्याला नाव मिळाले संत गाडगेबाबांचे, म्हणजे गावात शिरताच आधी खराटा हाती घेणाऱ्या माणसाचे. एनएसएसच्या हिवाळी शिबिरात सात दिवस शाळेच्या वर्गात मुक्काम, सकाळी नाली सफाई किंवा सिमेंटच्या पोत्यांत माती भरून नाल्यावर वनराई बंधारा, रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य. पहिल्या पावसात बंधारा राहतो की जातो हे पाहायला शिबिर तिथे नसते. तरी शहरातल्या पोरीला चुलीवर भाकर थापता येत नाही, हे कळण्याचे ठिकाण हेच.

कृषीच्या पोरांचे गावात जाणे जास्त सक्तीचे. 1992 च्या रंधावा समितीनंतर ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव आला : शेवटच्या वर्षी एक सत्र गावात. वर्तमानपत्रांच्या तालुका पानांवर ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ यांच्या बातम्या येतात त्या याच. ग्रामपंचायतीपुढे रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा, त्यात निळ्या रंगाचा नाला आणि हिरवी शेते, भोवती उभी म्हातारी माणसे आणि ‘अहो, मारुती चुकीच्या अंगाला दाखवला’ म्हणणारा एखादा तरी. तो फोटो अहवालात जातो. गुण त्यालाच.

पण एक प्रात्यक्षिक खरोखर कामाचे असते. सोयाबीनची उगवण तपासण्याचे. घरच्या बियाण्यातले 100 दाणे मोजून घ्यायचे, गोणपाट भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. सहासात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. 70 निघाले तर एकरी 30 किलो पेरायचे, कमी निघाले तर बियाणे वाढवायचे. खर्च शून्य. बियाण्याची महाग पिशवी टळते, दुबार पेरणी टळते. सोयाबीनचे टरफल इतके नाजूक की पोते आपटले तरी उगवण घसरते, हेही त्याच वेळी सांगून होते. एकवीस वर्षांची पोरगी पन्नाशीच्या काकांना हे सांगते, काका तोंडात सुपारी धरून ऐकतात, आणि जूनमध्ये त्यांच्या ओसरीत तशी गुंडाळी दिसते. याहून चांगला कृषी विस्तार मला ठाऊक नाही.

शेताबाहेरचे उदाहरण पीकेव्हीच्या मिनी डाळ मिलचे. तूर पिकवणाऱ्या गावाने तूर विकून शहरातून डाळ विकत आणायची, हा उलटा व्यवहार या छोट्या यंत्राने थोडाफार मोडला. बचत गटाच्या बायांनी एखाद्या खोलीत ते बसवले आणि गावचीच तूर, मूग, उडीद भरडून द्यायला लागल्या.

बियाण्याची वाट उलट्या दिशेनेही वाहते, आणि तिथला हिशेब विद्यापीठाला शोभणारा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जमीन दीड एकर. पटेल-3 या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, निवडल्या, वाढवल्या. तेव्हा घड्याळांत एचएमटीची चलती, म्हणून तांदळाचे नाव एचएमटी पडले. पटेल-3 हे मुळात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे वाण, म्हणजे दाणा विद्यापीठातून शेतात आला होता. 1994 मध्ये पीकेव्हीच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेले आणि 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी हे वाण बाहेर पडले. आम्ही वाण शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. दादाजींच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. 2005 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान झाला, 2018 मध्ये ते गेले, आणि शेवटपर्यंत हात ओढलेलाच. शुद्धीकरण हे काम आहेच, पण निवडणाऱ्याचे नाव पाटीवर लिहायला कितीसा रंग लागला असता?

कापसाने मात्र विद्यापीठ आणि शेतकरी दोघांनाही एकदमच हरवले. पीकेव्ही हायब्रीड-2 आणि रजत ही एकेकाळची वऱ्हाडातली घरोघरची नावे. 2002 नंतर बीटी कपाशी आली आणि दोनचार हंगामांत बियाण्याची सूत्रे खासगी कंपन्यांकडे गेली. सल्ला देणारा प्राध्यापक मागे पडला, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचा पोरगा पुढे आला. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीही पोखरले आणि त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर अकोल्यात मुख्यालय असलेल्या महाबीज या राज्य बियाणे महामंडळाने पीकेव्ही हायब्रीड-2 चे बीटी रूप आणले, नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेने रजतचे. बाजार तोवर बसलेला होता. सोयाबीनमध्ये तसे झाले नाही. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राची सुवर्ण सोया, यलो गोल्ड, अंबा ही वाणे आज फेरीत सर्वांत जास्त विचारली जातात, कारण सोयाबीनचे बी घरी राखता येते, कापसाच्या संकरित बियाण्यासारखे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही.

1 सप्टेंबर 2022 ला मेळघाटातल्या साद्राबाडीहून राज्य सरकारने ‘माझा एक दिवस माझ्या बळीराजासाठी’ ही मोहीम सुरू केली. अधिकाऱ्यांनी आणि कृषी शास्त्रज्ञांनी दिवसभर शेतकऱ्याच्या घरी-शेतात राहायचे. कल्पना नॅपचीच, फक्त एका दिवसाची. एका दिवसात शेतकऱ्याचे शिवार कळत नाही, पाहुणचार तेवढा कळतो.

फेरीत एक गोष्ट बदलायला हवी, आणि ती खर्चिक नाही. विद्यापीठाच्या प्रत्येक वाणाशेजारी त्याच वाणाचा दुसरा तुकडा करावा : कुंपण नाही, पाणी नाही, खारपाणपट्ट्यातली किंवा चिखलदऱ्याच्या उतारावरची रीत, गावात मिळेल तेवढेच मजूर. दोन्हींचा उतारा एकाच पाटीवर लिहावा. दर्यापूरच्या माणसाला मनातल्या मनात वजाबाकी करायची मग गरज उरणार नाही, आणि प्राध्यापकालाही रोह्यांबद्दल काहीतरी बोलावे लागेल.